गोड, गोडं आणि गोडाचं

गेल्या अंकात नागपंचमीच्या निमित्ताने पातोळ्यांवर, म्हणजे हळदीच्या पानात वाफवतात त्या गोड पदार्थावर, चार ओळी लिहिल्या, आणि या खेपेचं टपाल उघडायला मला दोन दुपारी लागल्या. व्याकरणाच्या सदराला एरवी एवढी पत्रं येत नाहीत. क्रियाविशेषणांवर लिहिलं तेव्हा एकच आलं होतं, तेही वर्गणी संपल्याचं. गोडाचं नाव काढल्यावर मात्र पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळा किनारा लिहायला बसला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. निवडलेली पत्रं देते. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये.

प्रश्न : बाई, गुहागरजवळ आमची घरगुती निवासाची सोय आहे, चार खोल्या. पाहुण्यांसाठी जेवणाचा फलक सगळा मराठीत लिहायचा ठरवलंय. भाजी, आमटी, मासे झालं, पण ‘डेझर्ट’पाशी अडलोय. बायको म्हणते मिष्टान्न लिहा, मुलगा म्हणतो स्वीट डिश, मी पक्वान्न लिहून पुसलं. बरोबर काय?

उत्तर : तुम्ही अडलात त्यात तुमची चूक नाही. ‘डेझर्ट’ हा शब्द मुळात पदार्थाचा नाहीच, तो वेळेचा आहे. फ्रेंचमध्ये ‘देसेर्व्हिर’ म्हणजे टेबलावरची भांडी उचलणं, आवरणं. जेवण आवरल्यावर जे येतं ते डेझर्ट. मग ते आइस्क्रीम असो नाहीतर नुसती फळं.

आपल्या पानावर असं आवरून मग येणारं काही नाही. वरणभात झाला की पुरी आणि गोड येतं, आग्रह होतो, परत भात येतो आणि शेवटी ताकभात. जेवणाचा शेवट ताकाने, फार तर विड्याने. गोड मध्येच कुठेतरी असतं. म्हणून ‘शेवटी खायचं ते’ अशा अर्थाचा शब्द मराठीला कधी लागलाच नाही. कोण कुणाला देतंय आणि कशासाठी, यावरून मात्र आपण भरपूर शब्द केले.

त्यांचा फरक कोशापेक्षा क्रियापदावरून पटकन कळतो. नैवेद्य दाखवतात, प्रसाद घेतात, खिरापत वाटतात, पक्वान्न वाढतात, मिठाई आणतात, पेढे देतात. यांची अदलाबदल करून बघा. ‘प्रसाद दाखवला’ म्हटलं तर घरातलं म्हातारं माणूस मान वर करून बघेल. ‘नैवेद्य आणला’ म्हटलं तर लगेच प्रश्न येईल, कुठून? नैवेद्य घरी करायचा असतो, गौरीला घावन-घाटल्याचा, गणपतीला मोदकांचा. मिठाई उलट घरी होतच नाही. तुम्ही घरी कितीही उत्तम पेढे केलेत तरी पाहुणा ‘पेढे छान झालेत’ म्हणेल, ‘मिठाई छान झाली’ म्हणणार नाही. मिठाई पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते.

माझ्या शाळेतल्या दिवसांत मी मुलांना दुसरी एक युक्ती सांगायची : मोजून बघा. पक्वान्न मोजता येतं, ‘लग्नात दोन पक्वान्नं होती.’ मिठाई तोलतात, ‘पाव किलो मिठाई.’ ‘दोन मिठाया’ सहसा कुणी म्हणत नाही. खाऊ मोजायचाही नसतो आणि तोलायचाही नसतो. तो पिशवीत असतो, एवढंच मुलांना ठाऊक असतं. शिवाय खाऊ गोडच हवा असंही नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारातून आजोबा चण्याची पुडी आणायचे, तोही खाऊच. (आणि ‘खाऊ खाऊ’ हे दोनच शब्दांचं पूर्ण वाक्य आहे. पहिला शब्द नाम, दुसरा क्रियापद. सहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं की मधली सुट्टी आपोआप व्हायची.)

मिष्टान्न हा शब्द पत्रिकेत आणि दुकानाच्या पाटीवर राहतो. घरात कुणी ‘आई, थोडं मिष्टान्न वाढ’ म्हणालं तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल. पक्वान्न बोलण्यात आहे, पण ते समारंभाचं. रोजच्या खीर-शिऱ्याला पक्वान्न म्हणणं जड होतं. ‘स्वीट डिश’ला आपण डिशवरून स्त्रीलिंगी करून टाकलंय, ‘स्वीट डिश कोणती?’ असं विचारतो, ती रुळलीय. मला तिचा राग नाही. फक्त तुम्ही मराठीत लिहायचं ठरवलंय म्हणून सांगते, आपण घरात विचारतो तेच लिहा. ‘आज गोडाचं काय?’ फलकावर भाजी, आमटी, मासे आणि त्याखाली ‘गोडाचं’. नुसता षष्ठीचा शब्द पाटीवर उघडा वाटेल असं तुम्हाला वाटेल. चार दिवस लावून ठेवा.

एक सूचना मात्र. ‘गोडाचं’च्या खाली खांडवी लिहिणार असाल तर गुजरातच्या पाहुण्यांना आधी सांगा. त्यांची खांडवी बेसनाची, फोडणी घातलेली, तिखटमिठाची. आपली तांदळाच्या रव्याची, गूळ-नारळाची. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हीचं अनेकवचन खांडव्या. व्याकरण इथे काही मदत करणार नाही.

प्रश्न : मी नागपूरची, लग्न होऊन रत्नागिरीला आले. सासूबाई ‘गोडं पाणी’, ‘गोडं वरण’, ‘गोडं तेल’ म्हणतात आणि यातलं काहीच गोड नसतं. गोडा मसाला तर चाटूनही पाहिला. हा कोकणातला अपभ्रंश समजायचा का?

उत्तर : अपभ्रंश नव्हे. हे दोन वेगळे शब्द आहेत, दिसायला भाऊ-भाऊ. मराठीत जी विशेषणं ‘आ’ने संपतात ती नामाप्रमाणे बदलतात. काळा, काळी, काळं. जी व्यंजनासारखी अर्धवट उच्चारून संपतात ती बदलत नाहीत. लाल फेटा, लाल साडी, लाल फूल. आता ‘गोड’ बघा. गोड लाडू, गोड पोळी, गोड घाटलं. तो लालच्या पंगतीतला, कुणासमोरही न वाकणारा. ‘गोडा’ मात्र काळाच्या पंगतीतला. गोडा मसाला, गोडी डाळ, गोडं वरण.

आणि गंमत अशी की वाकला की अर्थही वाकतो. न बदलणारा ‘गोड’ म्हणजे साखर-गुळाच्या चवीचा. बदलणारा ‘गोडा’ म्हणजे जे तिखट नाही, खारट नाही, उग्र नाही असं. गोड्या मसाल्यात धने, जिरं, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल. साखर-गूळ कुठेच नाही. त्याच डब्याला काही घरांत काळा मसाला म्हणतात. दोन्ही नावं खरी, एक रंगावरून, एक स्वभावावरून.

किनाऱ्यावर तर या दुसऱ्या शब्दावाचून चालतच नाही. तुमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे की मचूळ, यावर इथे जागेची किंमत ठरते. ‘गोड पाणी’ म्हटलं तर सरबत समजतील. सामान्यरूपातही हा फरक टिकतो : ‘गोड्या पाण्यातले मासे’. ते ‘गोड पाण्यातले मासे’ झाले तर पाकात पोहतील.

तुमच्या सासूबाईंना मात्र एक गोष्ट विचारून बघा. बांगड्याचं तिखलं मनासारखं झालं की त्याही ‘काय गोड झालंय’ म्हणत असतील. ते पहिलं, न बदलणारं ‘गोड’च, पण तिथे अर्थ साखरेचा नाही. तापातून उठलेल्या माणसाला काही ‘गोड लागत नाही’, त्यातलं ते गोड.

यांच्याच घरातली दोन नामंही सांगून टाकते. गोडी लागते, गोडवा असतो. वाचनाची गोडी लागली, आवाजात गोडवा आहे. ‘वाचनाचा गोडवा लागला’ हे मी पेपर तपासताना कितीदा तरी लाल शाईने खोडलंय. ‘गोडधोड’मध्ये ‘धोड’ला स्वतःचा काही अर्थ नाही, तो गोडाच्या मागून चालतो. पण प्रत्यय लावायची वेळ आली की त्यालाही मान द्यावा लागतो, ‘गोडाधोडाचं जेवण’. दोघांना मिळून एकच प्रत्यय, पण रूप दोघांचं बदलतं.

जाता जाता. गोड आणि गूळ हे एकाच, संस्कृत ‘गुड’च्या घरचे. सावंतवाडी ओलांडून गोव्यात गेलात तर कोंकणीत ‘गोड’ म्हणजे गूळच. आणि मिठाईच्या घरात चक्क मीठ आहे. ‘मिष्ट’ म्हणजे रुचकर. त्यावरून हिंदीत मीठा झाला गोड आणि मराठीत मीठ झालं खारट. गुजरातीत एकच ‘मीठुं’ दोन्ही कामं करतं, विशेषण असेल तर गोड, नाम असेल तर मीठ. गुजराती शेजारणीकडे वाटी घेऊन गेलात तर काय हवंय ते बोटाने दाखवा.

प्रश्न : पक्वान की पक्वान्न? आमच्या मंडळाच्या पत्रिकेत दोन्ही छापून आलंय, एकाच पानावर.

उत्तर : पक्वान्न. पक्व आणि अन्न. ‘अन्न’ एकटं असताना तुम्ही त्याचा एक न खात नाही, मग पक्वानंतर का खाता? तेच मिष्टान्न, परान्न. हिंदीतल्या पकवानामुळे आपली जीभ घसरते. शब्दशः पाहिलं तर पक्वान्न म्हणजे नुसतं शिजलेलं अन्न, म्हणजे वरणभातसुद्धा. पण असं मंडळाच्या आचाऱ्याला सांगू नका, तो तेवढंच करील.

प्रश्न : तुमच्याच मासिकातल्या पाककृतीत ‘दोन वाट्या चव’ असं छापलंय. मुद्रणदोष ना? चव वाटीने कशी मोजायची?

उत्तर : मुद्रणदोष नाही हो. पत्रावर पुण्याचा शिक्का आहे म्हणून समजू शकते. खोवलेल्या ओल्या नारळाला ‘चव’ म्हणतात, आणि तो पुल्लिंगी आहे. नारळाचा चव. जिभेची ती चव स्त्रीलिंगी. दोघांत लिहिताना काहीही फरक नाही. लिंग बदललं की अर्थ बदलला. ‘चव चांगला पडलाय’ म्हणजे नारळ चांगला निघाला. ‘चव चांगली आहे’ म्हणजे पदार्थ जमला. मोदकाच्या सारणाबद्दल बोलताना आमच्या घरी ही दोन्ही वाक्यं पाच मिनिटांत एकापाठोपाठ येतात आणि कुणाचाही गोंधळ होत नाही.

नारळावरूनच माझी एक फजिती सांगते. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर दापोली तालुक्यातलं. माहेरी ‘रस’ म्हणजे गूळ आणि वेलची घातलेला नारळाचा रस, शिरवाळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर, खायचा. लग्न मे महिन्यात झालं. सासरच्या पहिल्याच रविवारी सासूबाई म्हणाल्या, ‘आज पुरी करू, तू रस काढ.’ मी दोन नारळ फोडले, खोवणीवर बसले, दोन्ही खोवून, वाटून, पिळून पातेलंभर दूध काढलं. आढीतले आंबे तिकडे पिकून सुटले होते. सासूबाई आत आल्या, पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गूळ चिरायला घेतला. त्या दिवशी सासरच्या सगळ्यांनी पुरीबरोबर नारळाचा रस खाल्ला. आमरस दुसऱ्या दिवशी झाला.

प्रश्न : आम्ही मुंबईचे, आंगणेवाडीच्या जत्रेला गेलो होतो. तिथे सगळे ‘खाजा घेतला’, ‘खाजा संपला’ म्हणतात. घरी आल्यावर आई म्हणाली, खाजं म्हणायचं, ते नपुंसकलिंगी आहे. मग मालवणी माणसं पुल्लिंगी का करतात?

उत्तर : नाही करत! हा माझा आवडता प्रश्न आहे, चाळीस वर्षं कुणी तरी विचारील म्हणून थांबले होते.

मालवणीत पुल्लिंगी शब्द ‘ओ’ने संपतो. आंबो, वडो, पेढो. स्त्रीलिंगी आपल्यासारखाच ‘ई’ने, करंजी, पोळी. आणि प्रमाण मराठीतला जो शेवटचा ‘अं’, तो मालवणीत ‘आ’ होतो. म्हणून खाजं झालं खाजा, केळं झालं केळा. आता तीन वाक्यं शेजारी ठेवा. ‘आंबो खाल्लो. करंजी खाल्ली. खाजा खाल्ला.’ तीन लिंगं, तीन वेगळी रूपं, कुठेही सरमिसळ नाही. तुमच्या मुंबईच्या कानाला ‘खाल्ला’ ऐकू आलं की पुल्लिंग वाटतं, कारण तुमच्याकडे ‘आ’ पुरुषाचा. आमच्याकडे पुरुषाचा ‘ओ’ आहे, त्यामुळे ‘आ’ मोकळा आहे. तुमची आई बरोबर आणि जत्रेतला दुकानदारही बरोबर. दोघेही नपुंसकलिंगच बोलतायत.

शब्दाचं म्हणाल तर खाजं हे संस्कृत ‘खाद्य’चंच रूप, म्हणजे खाऊचा चुलतभाऊ. ओडिशात पुरीला जगन्नाथाचा खाजा मिळतो, तो मैद्याच्या पापुद्र्यांचा, पाकात घातलेला. आपलं खाजं चण्याच्या पिठाच्या तळलेल्या कांड्या, वरून आलं घातलेल्या गुळाचं पांघरूण. नाव एक, वस्तूंचा एकमेकींशी संबंध नाही.

याच ‘ओ’मुळे आणखी एक कोडं सुटतं. ठाण्याच्या एका वाचिकेने वेगळ्या पत्रात विचारलंय, ‘शिरा पडो तुझ्या तोंडार’ ही मालवणी शिवी की आशीर्वाद, कारण तोंडात शिरा पडला तर बरंच आहे. बाई, रव्याचा शिरा मालवणीत ‘शिरो’. आजी शिवी देते तेव्हा ती ‘शिरो पडो’ म्हणत नाही. म्हणजे हा शिरा पातेल्यातला नव्हे, आणि तो तोंडावर पडावा असं तुम्हाला वाटणार नाही. व्याकरण इतक्या उपयोगाला पडतं.

आणि मराठीतही शिरा एकच नाही. ‘शिरा खाल्ला’तला शिरा पुल्लिंगी एकवचनी, त्याचं सामान्यरूप ‘शिऱ्या’, शिऱ्यात केळं. ‘शिरा ताणून ओरडला’तल्या शिरा म्हणजे ‘शीर’चं अनेकवचन, स्त्रीलिंगी, तिचं ‘शिरांमध्ये’. आणि ‘आत शिरा’ ही आज्ञा. तिघांना एका वाक्यात बसवून दाखवा, पुढच्या अंकात छापीन.

प्रश्न : ‘प्रसादाचा शिरा’ आणि ‘शिऱ्याचा प्रसाद’ यांत फरक आहे का? आमच्या वाडीत सत्यनारायणाला यावरून वाद झाला.

उत्तर : आहे. षष्ठीचा प्रत्यय कुणाच्या गळ्यात पडतो त्यावर सगळं. ‘शिऱ्याचा प्रसाद’ म्हणजे प्रसाद कशाचा, तर शिऱ्याचा. पेढ्याचाही असू शकला असता. ‘प्रसादाचा शिरा’ ही शिऱ्याची जात आहे. सव्वाच्या मापाचा रवा, तितकंच तूप, तितकीच साखर, केळं. पूजा नसतानाही आपण म्हणतो, ‘आज प्रसादासारखा शिरा कर,’ आणि सगळ्यांना कळतं की तुपात हात आखडायचा नाही.

तसंच नैवेद्याचे मोदक आणि मोदकांचा नैवेद्य. पहिले ते, जे अजून दाखवायचे आहेत आणि ज्यांना हात लावला तर मार बसतो. आरती झाली, पाणी फिरवलं की त्याच ताटातल्या त्याच मोदकांचा शब्द बदलतो. आत जाताना नैवेद्य, बाहेर येताना प्रसाद. मधल्या पाच मिनिटांत पदार्थात काही फरक पडत नाही. नामात पडतो.

प्रश्न : मालवणच्या एका खानावळीत जेवण झाल्यावर मी ‘गोडात हलवा आहे का’ विचारलं. मुलाने ‘हलवा आहे’ म्हणून सांगितलं आणि तळलेला मासा आणून ठेवला. पैसे द्यावे लागले. चूक कुणाची?

उत्तर : तुमची. तुम्ही ‘गोडात’ म्हणालात ते त्याने ऐकलं नसेल, आणि मालवणात हलवा म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे गाजर येत नाही. हा शब्द इथे तिहेरी आहे. अरबी ‘हलवा’ म्हणजे गोड पदार्थ, त्यातून गाजराचा आणि दुधीचा. संक्रांतीचा काटेरी साखरेचा, ज्याचे सुनांना आणि बाळांना दागिने घालतात, तो दुसरा. आणि हा काळसर, चपटा मासा तिसरा. तिघेही पुल्लिंगी, तिघांचंही सामान्यरूप ‘हलव्या’. हलव्याचे दागिने, हलव्याचं कालवण. विभक्तीने सुटका नाही.

सुटका मोजण्याच्या शब्दाने होते. गोड हलवा वाटीने मागा, मासळीचा तुकडीने. ‘एक वाटी हलवा’ म्हणाला असतात तर फार तर कालवण आलं असतं. (चौथा हलवा क्रियापद आहे. दुधी हलवा करताना तो सारखा हलवा, नाहीतर खाली लागतो.)

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. ‘खीर’ दीर्घ आणि ‘खिरीत’ ऱ्हस्व, असं का? पाठ कसं करून घेऊ?

उत्तर : पाठ करून घेऊ नका, स्वयंपाकघरात उभा करा. गूळ, गुळात. तूप, तुपात. दूध, दुधात. पीठ, पिठात. खीर, खिरीत. डब्यावरच्या चिठ्ठीवर दीर्घ, डब्यात हात घातला की ऱ्हस्व. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली आणखी चार घातले, त्यांत हे आहे : शेवटून दुसरं अक्षर ई किंवा ऊ असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद. म्हणून ‘खीर’ची ‘खिरीत’ होते, पण तिचं मूळ जे ‘क्षीर’, ते ‘क्षीरात’च राहतं.

हे क्षीर म्हणजे दूध. फारसीत त्याचाच भाऊ ‘शीर’, तोही दूधच. खुर्मा म्हणजे खजूर. दर ईदला आमच्या शेजारून शीरखुर्म्याचं भांडं येतं, आणि गणपतीत आमच्याकडून त्याच भांड्यातून गव्हल्यांची खीर जाते. रिकामं भांडं परत करायचं नाही, हा दोन्ही घरांचा नियम. गव्हल्याची खीर आणि शीरखुर्मा शब्दांनीही नातलगच.

प्रश्न : मुलीने निबंधात ‘आई मोदक बनवते’ लिहिलं, तिच्या बाईंनी ‘करते’ केलं. ‘बनवते’ चूक आहे?

उत्तर : चूक म्हणणार नाही, आता ते सगळीकडे झालंय. पण ‘करते’सुद्धा मला कमीच वाटतं. मोदकाची उकड काढतात, मळतात, पारी करतात, सारण भरतात, कळ्या पाडतात आणि मोदक वळतात. लाडूही वळतात. पोळ्या लाटतात, वड्या थापतात, दूध आटवतात, पुरण वाटतात, साटोऱ्या तळतात. जिलब्या पाडतात, बुंदी पाडतात. हे ‘पाडणं’ इतकं भरभर होतं की जो कवी दिवसाला दोन कविता लिहितो त्यालाही आपण ‘पाडतो’ म्हणतो. आणि ‘घाटलं’ तर स्वतःच क्रियापदातून आलेलं आहे. घाटणं म्हणजे ढवळत राहणं. तांदळाचं पीठ, गूळ, नारळाचं दूध घालून जे घाटलं ते घाटलं. एवढी क्रियापदं असताना मुलीने ‘आई मोदक वळते’ लिहिलं असतं तर मी मार्जिनमध्ये बरोबरची खूण दोनदा केली असती.

प्रश्न : आमच्या ऑफिसात वाद आहे. केक पुल्लिंगी, पेस्ट्री स्त्रीलिंगी, पुडिंग नपुंसकलिंगी, हे कुणी ठरवलं?

उत्तर : तुम्हीच, न विचारता. ‘ई’ने संपलेला शब्द आला की आपण त्याला बर्फीशेजारी बसवतो : पेस्ट्री, कुल्फी, जेली. पुडिंग, आइस्क्रीम, कस्टर्ड, चॉकलेट नपुंसकात गेले. केक पुल्लिंगी कसा झाला याचं कारण लाडवाची संगत असावी असा माझा आपला तर्क. बिस्किट नपुंसकलिंगी, पण त्याच पिठाची नानकटाई स्त्रीलिंगी.

शेवटचं पत्र, आणि ते प्रश्न नाही, तक्रार आहे. तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली, मजकूर सारखाच : ‘गेल्या अंकात तुम्ही पातोळ्या लिहिलंत. आमच्या राजापुरात पातोळे म्हणतात. पन्नास वर्षं खातोय, आम्हाला शिकवू नका.’

नाही शिकवत. मराठीत मोठ्या वस्तूला पुल्लिंग आणि तिच्याच लहान रूपाला स्त्रीलिंग देण्याची जुनी खोड आहे. लोटा आणि लोटी, सुरा आणि सुरी, गाडा आणि गाडी. खाण्यात वडा आणि वडी ही जोडी तर इतकी लांब गेली की आता एकमेकांना ओळख देत नाहीत. पातोळा आणि पातोळी यांतही तेच. हळदीच्या पानभर पीठ पसरून, चव-गूळ भरून, दुमडून वाफवलेला लांबलचक तो पातोळा. पान लहान असेल, किंवा दोन तुकडे केले असतील, तर पातोळी. दोन्ही शुद्ध. गेल्या अंकात मी ‘पातोळे म्हणू नये’ असं अर्धं वाक्य लिहिलं होतं, ते मागे घेते.

माझ्या जाऊबाई राजापूरच्याच. ही पत्रं मी त्यांना वाचून दाखवली. त्या परसात गेल्या, हळदीच्या वाफ्यापाशी वाकून पानं उलटीपालटी करून बघितली. यंदा आमच्याकडे कंद उशिरा लावले गेले, पानं जेमतेम वीतभर झालीत. आत येऊन म्हणाल्या, ‘राजापुरात पातोळे. या घरात या वर्षी पातोळ्याच.’